मागे नऊ आटे, पुढे दोन

माजिवडा,
ता. २४ नोव्हेंबर २०२५

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

ती. तात्यांना देवेशचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

वि. वि. म्हणजे काय ते मला माहीत नाही. आसावरी वहिनी मागे उभी राहून लिहून घेतेय. ती म्हणते, माझे बाबा पत्रातल्या चुकांवर लाल पेन मारून पत्र परत पाठवतात. तात्या, दहावीला मराठीत मला पस्तीस पडलेले, तेपण सरांना दया आली म्हणून. तेव्हा पेन जपून वापरा, शाई संपेल.

मी तुम्हाला फोन केलेला. तुम्ही म्हणालात की चौतीस वर्षं कंपनीत गाड्यांचे स्प्रिंग तपासले, पण तोंडी सल्ला कुणाला दिला नाही. तोंडी ऐकलेलं माणूस अर्धं विसरतो आणि उरलेलं स्वतःच्या सोयीनं वाकवतो, असं बोलून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून आयुष्यातलं पहिलं पत्र. टपालवाल्या काकांनी मला दोनदा विचारलं, कोणी गेलं का म्हणून.

विषय माझ्या गाडीचा. गेल्या वर्षी मी एका गॅरेजवाल्याकडून चारही स्प्रिंग ग्राइंडरनं दीड-दीड वेटोळं कापून घेतले. गाडी अशी काय खाली बसली की टेंभी नाक्यावर पोरं वळून बघायची. पण चालवायला म्हणाल तर रस्त्यावर नाणं पडलेलं असेल ना, तर छापा की काटा ते ढुंगणाला कळतं.

भाऊबीजेला मी सगुणा आत्याला ठाकुर्लीहून आणायला गेलेलो. आत्या बाबांची थोरली बहीण, वय बहात्तर. ती आमची धवलारीण. कमलेशदादाच्या लग्नात तुम्ही बघितलीय, तुमच्या भटजींना मध्येच थांबवून गात होती तीच. आमच्यात हळदीपासून धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, ती गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. तर मी तिला सांगितलं की गाडी खड्ड्यात खाली जाते ना, ती देवीला नमस्कार करते. माणकोलीच्या पुलापर्यंत तिनं मानलं. पुढे एका खड्ड्यात गाडीनं जरा जास्तच नमस्कार केला. आत्याची कंबर धरली ती पंधरा दिवस. खाटेवर पडून तिनं शपथ घेतली की देवेशच्या गाडीत परत पाय ठेवणार नाही.

आणि आता सात फेब्रुवारीला आमच्या समृद्धीची हळद. आमच्या घरची रीत अशी की धवलारणीला नवरीच्या भावानं तिच्या दारातून स्वतःच्या गाडीत घालून आणायचं. आजोबांनी बैलगाडीतून आणलेली. कमलेशदादाची गाडी मोठी आहे, पण आत्याचा गुडघा तेवढा वर उचलत नाही. मागच्या वेळी प्लास्टिकचं स्टूल लावलेलं, ते तुटलं. माझ्याच गाडीची उंची तिला बरोबर. पाटावर बसावं तशी बसते. बसल्यानंतर जे होतं तो प्रॉब्लेम आहे. समृद्धी रडून बसलीय. दुसऱ्या बाईच्या तोंडचा धवला तिला नको.

म्हणून मी कॉइलओव्हर टाकतोय. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक, आणि रिंग फिरवून गाडी वर-खाली करता येते. तीन सेट बघून ठेवलेत. एक साधा, फक्त उंची बदलते. दुसरा सोनेरी रंगाचा, रेसिंगचा, बत्तीस क्लिकचा, म्हणजे उसळी कमी-जास्त करायला बत्तीस पायऱ्या. माझ्या दोस्ताच्या, प्रशांतच्या गाडीत तोच आहे, बघून डोळे निवतात. तिसरा काळा, नरम स्प्रिंगचा, सोळा क्लिक, दिसायला भजनी मंडळातल्या माणसासारखा. कुठला घेऊ? माझं मन सोनेरीवर आहे, पण तुम्ही मोकळ्या मनानं सोनेरीच सांगा.

दादाच्या लग्नातला तुमचा उजवा बूट माझ्याकडे सुखरूप आहे. काम झालं की मिळेल.

जेवढी माया शिल्लक असेल तेवढी राहू द्या.

तुमचा
देवेश


डोंबिवली (पूर्व),
ता. २९ नोव्हेंबर २०२५

चि. देवेश यास तात्यांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. चुका एकेचाळीस. लाल पेन वापरले नाही, कारण पत्र मनापासून लिहिले आहेस आणि शाई खरोखरच पुरली नसती.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या कृपेने मी दोन डावे बूट घालून मांडवातून गाडीपर्यंत चाललो. लोकांना वाटले, मुलगी सासरी चालली म्हणून बाप लटपटतो आहे. चार जणांनी मला धरले. हे मी विसरलेलो नाही, तरीही उत्तर देतो आहे, याची नोंद घे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घे. सस्पेन्शनचे काम गाडी खाली बसवणे नव्हे. चाक रस्त्याला धरून ठेवणे आणि माणसाला रस्त्यापासून सांभाळणे, हे त्याचे काम. चाकाला वर जायला जागा लागते. तू स्प्रिंग कापलीस तेव्हा ती जागाच कापलीस. मग चाक रबरी ठोकळ्यावर आपटते आणि ठोकळा तुझ्या आत्याबाईंच्या मणक्यावर.

सेटचा रंग मला कळवू नकोस. मला पुढील गोष्टी हव्यात. गाडीत त्या दिवशी कोण कोण बसणार? प्रत्येकाचे वजन किती? डिकीत काय असणार? सर्वांत वाईट गतिरोधक कुठे आहे व किती उंच? मडगार्डपासून टायरपर्यंत किती बोटे अंतर आहे? शिवाय असे बदल कितपत चालतात ते आर.टी.ओ.त विचारून घे.

एक प्रयोगही कर. तांब्या गळ्यापर्यंत पाण्याने भरून मागच्या सीटवर, जिथे त्या बसणार तिथे ठेव. माजिवड्याहून ठाकुर्लीला जा आणि किती सांडले ते मोजून कळव. कंपनीत आमच्याकडे यासाठी लाखोंची यंत्रे होती. शेवटी सगळे पाण्याचा पेलाच ठेवायचे.

सौ. प्रमोदिनीने तुला आवळ्याच्या वड्या पाठवल्या आहेत. त्या आसावरीकडून मोजून घ्याव्यात.

कळावे, आणि कळले तर वळावेही.

तुझा
तात्या


माजिवडा,
ता. ७ डिसेंबर २०२५

ती. तात्यांना नमस्कार. वि. वि.

वड्या मोजल्या, अकरा होत्या. तुम्ही बारा पाठवल्या असतील तर वहिनीला विचारा.

मंडळींची लिस्ट घ्या. गाडी मी चालवणार, अठ्ठावन्न किलो. मागे आत्या दाराशी आणि तिच्या शेजारी सुमती काकी आणि वैशाली मामी. आत्याची ओटी भरून तिला घेऊन यायला दोन सवाष्णी लागतात, म्हणून त्या दोघी. काकी पंचावन्न, मामी पन्नास. डिकीत एक पिशवी, दहा किलो. आत्याचं वजन मागवलंय. पुढची डावी सीट रिकामी आहे, ती तुमची. डोंबिवली वाटेतच पडते, तुम्हाला घ्यायला येतो. स्प्रिंग तुम्ही निवडणार तर बसून बघा की राव. तुमचंपण वजन कळवा.

सगळ्यात वाईट गतिरोधक आत्याच्या गल्लीच्या तोंडावर आहे. वीतभर उंच आणि भिंतीसारखा सरळ. गल्लीतल्या लोकांनी स्वतःच सिमेंट ओतलंय. तो मोजायला मी पट्टी घेऊन रस्त्यावर बसलेलो तर एक आजोबा मला महापालिकेचा समजून नळाची तक्रार सांगून गेले. मी लिहूनपण घेतली.

मडगार्डमध्ये सध्या एक बोट जातं, करंगळी.

आणि तांब्या! मी म्हटलं आपल्या गाडीत काय करायचं, तिची इज्जत गेलेलीच आहे. म्हणून प्रशांतच्या सोनेरी सेटवाल्या गाडीत ठेवला. माजिवडा ते ठाकुर्ली. तात्या, एक थेंब सांडला नाही. एक थेंब! आत्याच्या गल्लीचा गतिरोधक धरून. आता विज्ञानच असं म्हणतंय तर मी कोण बोलणारा? सोनेरी फायनल करू का?

तुमच्या पायाची (डाव्या) धूळ माझ्या माथी असावी.

देवेश


डोंबिवली (पूर्व),
ता. १३ डिसेंबर २०२५

चि. देवेश यास आशीर्वाद.

एक थेंबही न सांडता ठाकुर्ली गाठलीस, हे वाचून मी पत्र खाली ठेवले आणि चहा घेतला. वीतभर गतिरोधकावरून रेसिंगची गाडी गेली आणि पाणी हलले नाही. असे एकाच परिस्थितीत शक्य आहे. तांब्या आदल्या रात्रीपासून फ्रीझरमध्ये होता.

आसावरीला विचारले. तिने सांगितले की तांब्याचे बूड फुगले असून तो आता देवघरात लंगडत उभा आहे. तांब्या माझ्या आईचा होता, आसावरीबरोबर तुमच्याकडे आला. ती असती तर तुला ओरडली नसती, हसली असती. म्हणून मीही हसलो आहे असे समज.

आता निर्णय. काळा सेट घे. सोनेरीची स्प्रिंग शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यासाठी आहे, आपल्याकडे तो रस्ता फक्त जाहिरातीत दिसतो. साध्या सेटला क्लिक नाहीत, म्हणजे उसळी कमी-जास्त करता येत नाही. काळ्याची स्प्रिंग नरम आहे आणि उंची वेगळ्या रिंगेने बदलते. भजनी मंडळातला माणूसच म्हाताऱ्यांना हात धरून नेतो.

मात्र नरम स्प्रिंगला खोटे चालत नाही. जेवढे वजन सांगशील तेवढ्यासाठीच ती बसेल. तू कळवलेल्या आकड्यांवरून हिशेब केला आहे, कागद सोबत जोडला आहे. आत्याबाईंचा आकडा आला की भर. रिंगेचा एक आटा, म्हणजे एक पूर्ण फेरा, गाडी दोन मिलीमीटर उचलतो. भरल्या गाडीत मागे टायरवर दोन बोटे जागा उरलीच पाहिजे. क्लिक पाचव्यावर ठेव.

मी जरूर येईन. माझे वजन बासष्ट धर.

तांब्या ठोकून सरळ करून घे. विस्मरण नसावे.

तात्या


ठाकुर्ली,
ता. २८ डिसेंबर २०२५

चि. देवेश बालाला सगुणा आत्याचा आशीर्वाद.

निशा लिवतंय, मी सांगतंय. (मी निशा. आजी बोलेल तसंच लिहायचं असा हुकूम आहे.)

तुजा निरोप पोचला. तू माजं वजन इचारलंस. बाईमानसाला वजन इचारतस, लाज नाय तुना. पन इचारलंस त आयक, चौसट किलो, पाटल्या धरून. रेशनच्या दुकानान काट्याव उभी रायलो. (दुकानदारानं आजीला साखरेचं पोतं बाजूला करून जागा दिली.) मी खोटा सांगाची नाय. सोला वर्षां मिठागराव टोपली उचलली. टोपली डोक्याव आली का मना कलाचा किती मीठ हाय. मुकादम काट्याव बगाचा, मी नुसती मान हलवाची, दोगांचा आकडा येकच.

आता माजा आयक. डाक्टर बोलला, अजून येक हिसका बसला त कंबर कायमची गेली. मंग ना बसून गाना, ना उबा रावून. तुज्या आयेची हलद मी गायलो, काकीची गायलो, कमलेशची गायलो. समृद्धीची रायली. ती रायली त मी मेल्याव पन उटून बसन.

मना तुजी गारी नको होती. पन रीत हाय, भावानंच नेवाचा. म्हनून येक डाव बसन. मांडीव तांब्या घेन, गल्यापरत भरून. गल्लीच्या तोंडापरत पानी सांडला त मी उतरन, आन दुसरी धवलारीन बगा. तुज्या बापाला पन हाच सांगलंय.

आन तांब्यान बर्फ घातलास त डोक्यान घालीन. (आसावरी वहिनीनं फोन केलेला.)

गारी हल्लू चालव, जेवन येल्येव करत जा.

आत्या


माजिवडा,
ता. १८ जानेवारी २०२६

ती. तात्यांना नमस्कार.

काळा सेट बसला. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी रिंग पार खाली नेलेली. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये आमसूलपण गेलं नसतं. तासभर गाडीभोवती फिरून फोटो काढले. मग आत्याचं पत्र परत वाचलं, ते डॉक्टरवालं. गप जॅक लावला आणि तुमच्या कागदाप्रमाणे एकेक आटा मोजत रिंग वर घेतली. फोटो ठेवलेत पण.

क्लिकचं मात्र मानलं. आधी मी बारावर ठेवून बघितलं, गाडी भांडकुदळ झाली. शून्यावर ठेवलं तर लग्नातल्या घोड्यासारखी नाचायला लागली. पाचव्यावर आल्यावर खड्ड्यात गेली आणि एकदाच श्वास सोडल्यासारखी वर आली. तात्या, मी रस्त्याच्या कडेला थांबून उगाच हसलो.

तांब्याचा प्रयोग नव्यानं केला. साधं नळाचं पाणी. आसावरी वहिनी साक्षीला मागे बसलेली, खाली तिची सही आहे. गतिरोधक धरून अर्धं बोट सांडलं. सेट टाकायच्या आधी कापलेल्या स्प्रिंगवर करून बघितला तेव्हा अर्धा तांब्या वहिनीच्या मांडीवर गेलेला, तेपण ती लिहायला सांगतेय.

सात तारखेला सकाळी आठला खाली उभे राहा. बूट घालून या, कुठलेही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या, पाठीत नको.

देवेश

(देवेशभाऊजींनी लिहिलेले खरे आहे. सौ. आसावरी)


माजिवडा,
ता. १२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. समृद्धीला देवेशदादाचा आशीर्वाद.

घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. मला आता पत्राची सवय लागलीय. शिवाय तू कल्याणला गेल्यापासून फोन स्पीकरवर ठेवतेस आणि तुझी सासू मधूनच हुं म्हणते. ही गोष्ट तिच्यासाठी नाही.

तू हळदीच्या पाटावर अडीच तास बसून होतीस आणि आम्ही का उशिरा आलो ते तुला कोणी सांगितलं नसेल. काकी आणि मामीनं सगळ्यांना शपथ घातलीय. मला घातली तेव्हा मी बोटं क्रॉस केलेली.

आधी माझं पाप सांगतो. डिसेंबरात तात्यांनी सगळ्यांची वजनं मागवली. काकी आणि मामी काही केल्या सांगेनात. मग मी एक शाळा केली. त्यांना म्हटलं, जी हलकी असेल तिला खिडकी, दुसरीला मधली जागा. झालं, लिलाव सुरू. काकी म्हणाली पासष्ट. मामी म्हणाली बासष्ट. काकी म्हणाली की हो, पण उपास धरल्यापासून साठ. मामी अठ्ठावन्न. असं करत काकी पंचावन्नला थांबली आणि मामी पन्नासवर. मी हसून हसून मेलो आणि तेच आकडे तात्यांना कळवले. त्या बिचाऱ्या माणसानं त्याच्यावर स्प्रिंगचा हिशेब केला.

त्या सकाळी निघालो तेव्हाच गाडी मागे जड वाटत होती. मी म्हटलं नवीन आहे, बसतेय. डोंबिवलीला तात्या चढले, पांढरा झब्बा, हातात हिशेबाचा कागद. ठाकुर्लीला काकी-मामीनं ओटी भरली. आत्या हिरवं लुगडं नेसून, नथ घालून आली, पाटावर बसावी तशी बसली, आणि मांडीवर तांब्या. निशानं तो गळ्यापर्यंत भरला. अख्खी गल्ली बघत होती.

वीस पावलं गेलो. गतिरोधक आला. मी बाळाला उचलावं तसा क्लच सोडला. पुढची चाकं लोण्यासारखी गेली. मागची चढली, उतरली, आणि धाड. टायर मडगार्डला घासला, तांब्यातलं पाणी सगळं काकीच्या नव्या पैठणीवर.

आत्या दार उघडून उतरली आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली. कंबरेला हात लावून. मी ओट्याखाली जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली की दुसरी बाई बोलवा, तिला माझ्यावर राग नाही, पण उद्यापासून उठता आलं नाही तर पाणी कोण देणार. आणि मग दुसरीकडे बघायला लागली. तिचे डोळे भरलेले. तिला यायचंच होतं गं.

तात्या कागद हातात धरून नुसते उभे. म्हणत होते की हिशेब बरोबर आहे, तीन वेळा तपासलाय. तेव्हा आत्यानं निशाला सांगितलं, त्या कागदावर काय लिवलंय ते वाच. निशानं वाचलं. सुमती, पंचावन्न. आत्यानं मान वळवून काकीला वरून खाली बघितलं. वैशाली, पन्नास. मामीला बघितलं. डिकी, एक पिशवी, दहा किलो. आत्यानं मला डिकी उघडायला लावली. आत लाडवांचे पाच स्टीलचे डबे, पिशवीच्या खाली साड्यांनी झाकून. काकी म्हणाली की ते तर धवलारणीच्या मानाचे म्हणून वेगळे, ते सामानात कसे धरणार.

आणि आत्या हसायला लागली. कंबर धरून हसत होती. मग मिठागरावर उभी असल्यासारखी एकेक आकडा सांगायला लागली. सुमती, ऐंशी. वैशाली, बहात्तर. दोघी ओरडल्या. आत्या म्हणाली, दुकानातला काटा अजून तिथेच आहे, चला. दोघी पदर सारखा करायला लागल्या. डबे तिनं उचललेसुद्धा नाहीत, नुसता एकाला हात लावला. डिकी सगळी मिळून त्रेपन्न.

मग मी ओट्यासमोर सगळ्यांदेखत लिलावाची गोष्ट सांगितली. मला वाटलं आता काकी चप्पल काढणार. पण ती म्हणाली, मेल्या, खिडकी तरी दे.

तात्यांनी झब्ब्याच्या खिशातून पेन काढलं, लाल, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कागदावर मारलं. नव्वद किलो जास्त. मागे अठरा मिलीमीटर खाली बसलीय, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ आटे वर. डबे रिक्षात घालू का असं मी विचारलं, तर आत्या म्हणाली की मानाचे लाडू धवलारणीबरोबरच जातात. मी हळदीचे कपडे घालून गल्लीत आडवा झालो. जॅक लावला, चाक काढलं, चावी रिंगेला लावली. गल्लीतली पोरं-म्हातारी एकेक आटा मोठ्यानं मोजत होती, हंडीचे थर मोजावेत तसे. आणि आत्या ओट्यावर बसून धवला गुणगुणत होती. म्हणून सांगतो, तुझ्या हळदीचा पहिला धवला माझ्या स्प्रिंगांना लागलाय.

नऊ-नऊ झाले. मी उठणार तोच आत्यानं मला पुढच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर केली. मी म्हटलं, तिथे कशाला, तिथे तर तात्या बसतात, त्यांचा आकडा पक्का. तिनं परत नुसती दोन बोटं वर केली. तात्या तेव्हा आभाळाकडे बघत होते. मी केले दोन आटे.

तांब्या परत भरला. परत सगळे बसले, काकी खिडकीला. गतिरोधकावर गाडी चढली, उतरली, एकदाच श्वास सोडला. मी आरशात बघितलं. आत्या तांब्यात बघत होती. मग ती तांब्या तोंडाला लावून दोन घोट पाणी प्यायली आणि मला म्हणाली, चल, पोर पाटाव बसलंय.

पुढचं तुला माहीत आहे. चार तास गायली, उभी राहून. गाडीतून उतरताना मला म्हणाली की आता ही गारी खरी नमस्कार करते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, स्पीकर बंद करून.

तुझी आठवण घरात आहे, तुझा चार्जरपण राहिलाय.

देवेशदादा


डोंबिवली (पूर्व),
ता. १७ फेब्रुवारी २०२६

चि. देवेश यास अनेक आशीर्वाद.

तुझे पार्सल पोचले. तीन वर्षांनंतर माझा उजवा बूट घरी आला, तोही पॉलिश केलेला. आत काजूकतलीचा पुडा होता आणि पुड्यात दगड. एक कतली होती, ती खाल्ली.

डावा मी जपून ठेवला होता. प्रमोदिनीला हाक मारली, खुर्चीवर बसलो आणि जोडी घालायला घेतली. शिरेना. ना डावा, ना उजवा. तिने चमचा आणला. तरी नाही. पायही जाड झाला आहे. प्रमोदिनीने कपाटाखालचा वजनकाटा पायाने पुढे सरकवला.

अठ्ठ्याहत्तर.

देवेश, बासष्ट हे माझे निवृत्तीच्या दिवशीचे वजन होते. ते खरे होते, त्या दिवशी. तुझ्या काकी-मामींनी खिडकीसाठी आकडे कमी सांगितले. मला तर खिडकी होतीच. व्याह्यांच्या घरी जाणारे पत्र आहे एवढाच विचार करून मी तो आकडा लिहिला, आणि तोही नरम स्प्रिंगला खोटे चालत नाही हे वाक्य लिहिलेल्या कागदावर. आत्याबाईंनी दोन बोटे वर केली तेव्हा मला सगळे समजले होते. चारचौघांत त्यांनी माझे नाव घेतले नाही. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग. वाकता येईल तेवढा.

पाडव्याला त्यांना डोंबिवलीस जेवायला घेऊन ये. प्रमोदिनी पुरणपोळ्या करणार आहे, मला दोनच मिळणार आहेत. परत जाताना मीही ठाकुर्लीपर्यंत येईन. त्यांच्या तोंडून मिठागराच्या काट्याच्या गोष्टी ऐकायच्या आहेत.

वजन उतरवण्याचे मी घरात कबूल केले आहे. तू मात्र पुढच्या डाव्या चाकाचे ते दोन आटे तसेच ठेव.

चुका या वेळी सव्वीस.

तुझा
तात्या